तुळस मान टाकते तेव्हा

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळीच समोरच्या काकूंचा निरोप आला. "हातातलं काम ठेव आणि जरा येऊन जा की." कुंड्यांचा नाद असला की गल्लीतली मंडळी तुम्हाला झाडांचा डॉक्टर ठरवून टाकतात. कुणाचा मोगरा फुलत नाही, कुणाच्या अबोलीला कीड लागली, की निरोप येतो. पण काकूंच्या आवाजात नेहमीचा मोकळेपणा नव्हता, म्हणून पदराला हात पुसत तशीच गेले.

अंगणात वृंदावन, आणि वृंदावनात तुळस मान टाकून उभी. पानं भिजलेल्या फडक्यासारखी लोंबत होती. खालची पिवळी पडून कट्ट्यावर गळली होती. वरून नंदगडचा श्रावण. म्हणजे पंधरा मिनिटं सर, पाच मिनिटं उघडीप, पुन्हा सर. ऊन असं चार दिवसांत कुणी पाहिलेलं नव्हतं.

ही तुळस साधी नव्हती. काकूंचं माहेर निपाणीकडचं. तीन वर्षांपूर्वी माहेरच्या तुळशीच्या मंजिऱ्या त्यांनी पदराच्या गाठीत बांधून आणल्या आणि सोबत माहेरच्या शेतातली काळीभोर मातीही पिशवी भरभरून आणली. त्या मातीनं वृंदावन भरलं, बी पेरलं. गेल्या वर्षी त्यांची आई गेली. तेव्हापासून रोज सकाळी तुळशीपुढे उभं राहून काकू दोन शब्द जास्त बोलतात, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक आहे.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती काकू बोलल्या नाहीत. वैशाखात त्यांच्या घरी सून आली. बैलहोंगलची मुलगी, घरची भाषा कन्नड, मराठी समजते पण बोलताना अजून अडखळते. आषाढ संपतो न संपतो तोच तुळस कोमेजायला लागली. आपल्याकडे अशा वेळी लोक काय बोलतात ते तुम्हाला सांगायला नको. विहिरीवर नाही तर दुधाच्या रांगेत कुणीतरी म्हणालंच, "सून आली आणि तुळस सुकली." काकू शहाण्या आहेत, त्यांनी ते उडवून लावलं. पण उडवलेली गोष्ट घरात कुठंतरी पडून राहतेच. सून न्हाणीच्या दाराशी उभी होती, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की तिच्या कानावरही ते आलंय.

मी विचारलं, "पाणी कोण घालतं?"

"सगळेच घालतात," काकू म्हणाल्या. "आता तर जास्तच घालतोय. सुकत चालली म्हटल्यावर."

हिशेब केला. घरात माणसं पाच. प्रत्येकजण आंघोळ करून आला की तांब्याभर पाणी तुळशीला. काकांचा तांब्या मोठा, पाऊण लिटरचा. धाकट्या मुलाचा लहान. तरी सगळे मिळून दिवसाला तीन लिटर कुठं गेले नाहीत. त्यात श्रावण म्हणून थोडं दूध, हळद-कुंकू, अक्षता. आणि वर आभाळातून येईल ते वेगळंच.

तीन लिटर हे पाणी किती, ते कळायला एक जुनी गोष्ट सांगते. इंग्लंडात टेडिंग्टन नावाच्या गावी स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. धर्माचं काम सांभाळून झाडांचा नाद. १७२४ च्या जुलैत त्यांनी साडेतीन फूट उंचीचं सूर्यफुलाचं झाड कुंडीत घेतलं, कुंडीचं तोंड शिशाच्या पातळ पत्र्यानं बंद केलं, म्हणजे मातीतलं पाणी परस्पर उडून जाणार नाही, आणि कुंडी रोज सकाळ-संध्याकाळ तराजूत घातली. घटलेलं वजन म्हणजे झाडानं पानांवाटे सोडलेलं पाणी. बारा तासांच्या दिवसात सरासरी वीस औंस निघाले, म्हणजे आपल्या मापानं सुमारे पाचशे सदुसष्ट ग्रॅम. अर्ध्या लिटरला थोडं वर. उबदार, कोरड्या रात्री जेमतेम तीन औंस. आणि ज्या रात्री दव पडलं किंवा पाऊस झाला, त्या रात्री काहीच नाही, उलट कुंडीचं वजन वाढलेलं. हे सगळं त्यांनी १७२७ मध्ये पुस्तक करून छापलं.

आता बघा. भर उन्हाळ्यातलं, परातीएवढ्या पानांचं सूर्यफूल दिवसाला अर्धा लिटर पितं. आणि गुडघ्याएवढी तुळस, ऊन नाही, हवा ओलीचिंब, तिला आपण तीन लिटर पाजतोय. पाहुण्याच्या पानात वाढून वाढून त्याला आजारी पाडावं, तसला हा प्रकार.

"पण मग ती सुकली कशी? पाणी जास्त झालं तर हिरवीगार दिसायला पाहिजे की," काका म्हणाले. प्रश्न रास्त आहे, आणि घरातली निम्मी झाडं या एका प्रश्नापायीच मरतात.

पान ताठ उभं राहतं ते आतल्या पाण्याच्या दाबानं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असते तसं. ते पाणी मुळं खालून वर पाठवतात. पण मुळं म्हणजे काही नळ नव्हेत. ती जिवंत आहेत, त्यांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतल्या हवेवर मुळं जगतात. पोकळ्या पाण्यानं भरल्या की ती हवा संपते. पाण्यातून प्राणवायू आत झिरपायला हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटीनं जास्त वेळ लागतो. म्हणजे मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ पाणी ओढायचं थांबतं, मग त्यावर कुजवणारी बुरशी चढते. बाहेर तळं साचलेलं आणि वर पान तहानलेलं, अशी अवस्था. आपण पान बघतो, तहान दिसते, आणखी एक तांब्या ओततो.

म्हणून तहानेनं सुकलेलं झाड आणि पाण्यानं सुकलेलं झाड लांबून सारखंच दिसतं. जवळ जाऊन बघावं लागतं. तहानेचं झाड असेल तर माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, कुंडी उचलली तर हलकी लागते, पानं कागदासारखी कुरकुरीत होतात, आणि पाणी दिल्यावर दोन-चार तासांत झाड मान वर करतं. पाण्यानं गुदमरलेल्या झाडाची पानं मऊ, लिबलिबीत. खालून पिवळी पडत वर येतात. खोडाचा बुंधा मातीजवळ काळपट होतो, नखानं दाबला तर दबतो. आणि वास. बोट घालून माती वर काढा आणि नाकाशी न्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास असतो, सडलेल्या मातीला गटारीचा.

मी वृंदावनात बोट घातलं. पहिल्या पेरापर्यंत चिखल, दुसऱ्या पेरापर्यंतही चिखल. वास घेतला आणि काकूंच्या नाकाशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात मागून सून हळूच म्हणाली, "ना हेळिद्दे, अत्ती. नीर साकु अंत." मी सांगितलं होतं, पाणी पुरे म्हणून.

आणि खरंच, तिनं सांगितलं होतं. आषाढात दोन-तीनदा. काकांचा तांब्या बघून ती "साकु, मावा" म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं, नव्या सुनेला पाण्याची काटकसर, बैलहोंगलकडे पाऊस कमी ना! तिच्या घरी काळ्या मातीतच सगळं. काळी माती ओली राहिली की काय होतं, हे तिला न्हाणीपासून शेतापर्यंत पाहून ठाऊक होतं. आपल्याकडे कुणी विचारलंच नाही.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत राहणाऱ्यांना हा साकु शब्द रोजचा. जेवताना, चहा ओतताना, मुलांच्या दंग्याला, सगळीकडे साकु. पण कन्नडमध्ये साकु म्हणजे नुसतं 'पुरे' नव्हे. साकु म्हणजे सांभाळणं, वाढवणंही. साकुमगळु म्हणजे पोटच्या लेकीसारखी वाढवलेली मुलगी. मराठीत 'पुरे' आणि 'पाळणं' हे दोन निराळे शब्द, तिकडे एकच. मला हे इतकी वर्षं नंदगडात राहून त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

असो. बोलून तुळस वाचत नव्हती.

वृंदावन सिमेंटचं, चौकोनी, बाहेरून रंगवलेलं सुंदर. पण तळाला भोक नाही. बांधणाऱ्या गवंड्यानं म्हणे सांगितलं होतं की भोक ठेवलं तर रंगावर पाण्याचे डाग पडतात. अशी वृंदावनं आपल्या भागात किती असतील! तुमच्या घरचं बघा. पाणी घातल्यावर खालून कुठूनच बाहेर येत नसेल तर ते वृंदावन म्हणजे हंडाच.

तुळस उपटायची म्हटल्यावर काकू गप्प झाल्या. तुळशीला हात लावताना नमस्कार करणाऱ्या बाईला ती उपटायला सांगणं सोपं नाही. मीही घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणून तोही सोडला. बुधवारी सकाळी काकूंनी आंघोळ करून हात जोडले, पुटपुटून क्षमा मागितली आणि स्वतःच खुरपं घेऊन कडेनं माती मोकळी केली.

मुळं धुतल्यावर चित्र स्पष्ट झालं. निरोगी मूळ पांढरट असतं, ओढलं तर ताणतं. इथली बहुतेक मुळं काळी, निसरडी. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. शेजारच्या अज्जी काठी टेकत बघायला आल्या होत्या, त्यांनी एका नजरेत निकाल दिला, "बेर कोळताव्री." मुळं कुजलीत. एका बाजूला मात्र मूठभर पांढरी मुळं शिल्लक होती. तेवढ्यावर आशा.

पुढे केलं ते असं. कात्री गरम पाण्यानं धुऊन घेतली, काळी मुळं सगळी कापली. मुळं निम्म्याहून कमी झाली म्हणून वरचा पालाही निम्म्याहून कमी केला. हे करताना जीव तुटतो, पण हिशेब साधा आहे. दोन माणसांच्या कमाईवर दहा माणसांचं घर चालत नाही, तसं मूठभर मुळांवर एवढी पानं चालत नाहीत. मंजिऱ्या तर सगळ्याच खुडल्या. मंजिरी म्हणजे बी, आणि बी धरायला झाड आपला सगळा जीव तिकडे लावतं. एरवीसुद्धा तुळशीच्या मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडत राहिलं तर झाड झुडपासारखं भरतं आणि जास्त टिकतं. थोड्या बियांपुरत्या ठेवाव्यात, सगळ्या ठेवू नयेत.

मग मातीची कुंडी. आपण नशीबवान, खानापूर हाकेच्या अंतरावर. खानापूरच्या लाल मातीच्या भांड्यांना बेळगाव-गोव्यापर्यंत गिऱ्हाईक आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथं आहे. भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी बाहेर झिरपतं आणि हवा आत जाते, म्हणून पावसाळी भागात प्लास्टिकपेक्षा ती केव्हाही बरी. फुटते, हे खरं. पण झाड मरण्यापेक्षा कुंडी फुटलेली परवडली. भोकावर कौलाचा एकच तुकडा पालथा ठेवला, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. खाली खापऱ्यांचा जाड थर द्यायची जुनी रीत आहे, पण त्यानं निचरा वाढत नाही. पाणी खापऱ्यांच्या वरच्या मातीतच अडकून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. मीही पूर्वी थर देत असे, आता देत नाही.

मातीचं म्हणाल तर इथं काकूंना वाईट वाटलं. निपाणीकडची काळी माती शेतात सोन्यासारखी, तंबाखू-सोयाबीन तिच्यावर डोलतं. पण कुंडीत तीच माती पाणी धरून बसते, ओली असताना लोण्यासारखी, सुकल्यावर दगडासारखी आणि भेगाळलेली. खानापूर तालुक्याची तांबडी जांभ्याची माती त्या मानानं मोकळी, पण तिच्यात सत्त्व कमी. म्हणून दोन वाटे तांबडी माती, एक वाटा जुनं, चुरा झालेलं शेणखत आणि एक वाटा जाड वाळू. वाळू हल्ली मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. त्याऐवजी भाताचं तूस घातलं. आपल्या तालुक्यात भाताच्या गिरण्यांची कमतरता नाही, तूस पोतंभर मिळतं आणि मातीला ढिली ठेवतं. काकूंच्या समाधानासाठी निपाणीची माती मूठभर मिसळली. मूठभरानं बिघडत नाही.

ताजं शेण मात्र घालू नका. ते कुजताना तापतं आणि आजारी मुळांना भाजतं. खताचं पाणीही नको. माणूस तापानं फणफणला असताना आपण त्याला श्रीखंड-पुरी देत नाही, पेज देतो. झाडाला नवी पालवी दिसेपर्यंत खत नाहीच.

कुंडी ठेवली ती पडवीत, जिथं उजेड आहे पण पाऊस नाही. पहिल्यांदा जेमतेम माती दमट होईल इतकं पाणी, मग बोटानं बघून, वरचं पेरभर कोरडं झाल्याशिवाय थेंब नाही. शिवाय कापलेल्या फांद्यांतल्या सहा चांगल्या, चार-पाच बोटं लांबीच्या निवडल्या, खालची पानं काढली आणि काचेच्या पेल्यात पाण्यात उभ्या केल्या. पेला सुनेच्या ताब्यात दिला. पाणी एक दिवसाआड बदलायचं, एवढंच काम.

आता इथं कुणी विचारेल, तुळस पाण्यानं मेली आणि तिचीच फांदी पाण्यात कशी जगते? पेल्यातलं पाणी उथळ, स्वच्छ आणि रोज-दोन रोजांनी ताजं, त्यात हवा विरघळलेली असते; आणि पाण्यात फुटलेलं मूळ पाण्याच्याच सवयीचं तयार होतं. वृंदावनातलं पाणी महिनाभर शिळं.

वृंदावनाला गवंडी बोलावून खाली दोन भोकं पाडली. पहिलं भोक पडल्याबरोबर काळं, घाण पाणी भळाभळा आलं, निम्मी बादली भरली. काका बघतच राहिले. त्यानंतर मात्र गल्लीत सुनेचं नाव कुणी काढलं नाही. ज्यांनी काढलं होतं त्यांनीच दुसऱ्या दिवशी आपापली वृंदावनं खालून चाचपून बघितली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

राहिला प्रश्न भक्तीचा. रोज पाच जणांनी पाणी घालायचं नाही का? घालावं की. पण पळीभर. तांब्यातली एक पळी तुळशीला, उरलेलं पाणी परड्यातल्या कढीपत्त्याला नाही तर केळीला. केळ कितीही पाणी पिते. काही घरांत रविवारी आणि एकादशीला तुळशीला पाणी घालत नाहीत, पानं तोडत नाहीत. घालून दिलं कुणी आणि कशासाठी ते असो, मुळांना तेवढी उसंत मिळते. दिवा लावताना पणती खोडापासून वीतभर दूर असावी, धग लागून एका बाजूची पानं करपलेल्या तुळशी मी कितीतरी पाहिल्यात. दूध आणि हळद-कुंकू कट्ट्यावर वाहावं, मातीत नको. दूध मातीत सडतं, मुंग्या आणतं.

जाता जाता आणखी एक. तुळस चोवीस तास प्राणवायू सोडते, असं मोबाईलवर फिरत असतं आणि शाळेतली मुलंही सांगतात. तसं नाही. इतर हिरव्या झाडांसारखीच ती उजेडात प्राणवायू सोडते आणि रात्री आपल्यासारखाच श्वास घेते. तुळशीचं मोठेपण त्यावर अवलंबून नाही, तेव्हा खोटं सांगायची गरजही नाही. हे सांगायचं कारण असं की त्या समजुतीपायी लोक तुळस घरात, टीव्हीशेजारी आणून ठेवतात. तिला दिवसाचे पाच-सहा तास तरी ऊन लागतं. अंधाऱ्या खोलीत तुळस लांबुळकी, फिकट होते आणि मान टाकते, आणि मग पुन्हा पाणी ओतलं जातं!

घरात ठेवायच्या मनीप्लँट, सर्पपर्णी वगैरेंचं गणितही हेच, फक्त आणखी कडक. घरात वारा कमी, ऊन नाही, माती आठ-आठ दिवस ओली राहते. पावसाळ्यात सर्पपर्णीला पंधरा दिवसांतून एकदा पाणी दिलं तरी चालतं. कुंडी रोज एकदा नुसती उचलून बघायची सवय लावा. चार दिवसांत हाताला वजन कळतं, त्या पाद्रीबाबांच्या तराजूची गरज नाही. दुपारच्या उन्हात पानं लोंबली आणि संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर काहीच करू नका, उन्हात मोठी पानं असं करतातच. सकाळी उठल्याबरोबर पानं लोंबलेली असतील तर मात्र काळजी करा.

तुळशीची पानं आखडून, वर पांढुरके ठिपके येऊन सुकत असतील तर तो पाण्याचा दोष नव्हे. पान उलटून बघा. मागे जाळीदार पंखांचे बारीक किडे आणि काळे ठिपके दिसतील. त्या फांद्या कापून टाका, आणि लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल, साबणाचे चार थेंब घालून पानांच्या मागच्या बाजूला फवारा. फवारल्यावर आठवडाभर ती पानं तीर्थात किंवा काढ्यात नकोत. थंडीत पानं गळाली तर घाबरू नका, मार्गशीर्ष-पौषातली आपल्याकडची रात्र तुळशीला सोसत नाही. माघ संपता संपता छाटली की पुन्हा फुटते. आणि तीन-चार वर्षांची, खोड लाकडासारखं झालेली तुळस एक दिवस जाणारच. तिचं आयुष्यच तेवढं. म्हणून मंजिरीतलं बी दरवर्षी बाजूला टाकून एक रोप हाताशी ठेवावं.

परवा संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीकडे गेले होते. १८३१ मध्ये इथंच नंदगडाजवळ त्याला फाशी दिलं, हे आपल्याला पाठच आहे. समाधीवरचा वड बघताना मनात आलं, याला कुणी तांब्या मोजून पाणी घातलं असेल? त्याच्या फांद्यांना लोक नवसाचे पाळणे बांधतात, पाऊस किती का कोसळेना, त्याचं काही बिघडत नाही. त्याला सगळी जमीन मोकळी आहे, जास्तीचं पाणी खाली जातं, मुळं हवी तिकडे जातात. कुंडीतल्या झाडाला आपण देऊ तेवढीच जमीन आणि आपण ठेवू तेवढंच भोक.

काकूंच्या तुळशीचं काय झालं ते राहिलंच. आठ-दहा दिवस ती तगून होती. पेरांशी दोन हिरवे कोंभही दिसले, काकूंनी मला हाक मारून दाखवले. मग बुंध्याचा काळेपणा वर चढला आणि गणपती यायच्या आधी ती गेली. मला उशीर झाला होता. आषाढात बोलावलं असतं तर कदाचित वाचली असती. काकूंनी तिचं खोड फेकलं नाही, वाळवून देवघरात ठेवलंय.

पेल्यातल्या सहा फांद्यांपैकी चार जगल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी पांढरी मुळं दिसायला लागली, बोटभर झाल्यावर सुनेनं त्या लहान कुंड्यांत लावल्या. एक वृंदावनात गेली, भोकं पाडलेल्या आणि नव्या मातीनं भरलेल्या. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं तेव्हा ती वीतभरही नव्हती. शेजारी ऊस तिच्या दहापट उंच. काकूंनी उसाचा मांडव केला, सुनेनं तिच्या माहेरच्या रीतीप्रमाणे नेल्लिकायची, म्हणजे आवळ्याची फांदी खोचली. आवळा तर आपणही ठेवतो, पण फांदी उजवीकडे की डावीकडे यावर दोघींचं थोडं झालं, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. मंगलाष्टकं मात्र भटजींनी एकाच भाषेत म्हटली.

दुसरं रोप आमच्याकडे आलं, तिसरं अज्जींनी नेलं. चौथं दिवाळसणाला बैलहोंगलला गेलं, सुनेच्या आईकडे. तिकडची माती काळी, म्हणून काकूंनी रोपासोबत खानापूरची एक मोठी कुंडी आणि तूस घातलेल्या तांबड्या मातीची पिशवी बांधून दिली. बसमध्ये कंडक्टरनं पिशवीचं तिकीट मागितलं म्हणे. काकांनी कुरकुर न करता दिलं.